घाटात सायकल नेण्याआधी

पावसाळा लागला की अमरावती, बडनेरा, परतवाडा, अकोट, अकोला इथल्या वस्त्यांमधली पोरं चिखलदऱ्याचा बेत आखतात. पूर्वी एसटीने नाहीतर टेम्पोने जायची, आता बरीच जण सायकलीने जातात. जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली सायकल हप्त्यावर मिळते. दुकानदार तिला ‘एमटीबी’ म्हणतो, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल. जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे ती नाही, ते साधीच सायकल काढतात. कोणी वडाळी, छत्री तलावाकडून पोहऱ्याच्या बाजूने मातीच्या रस्त्याला सराव करतं, कोणी अकोल्याहून पातूरच्या घाटाकडे जातं.

मला हे पाहून आनंद होतो. पोरं खर्ऱ्याच्या टपरीवर बसण्यापेक्षा घाटात घाम गाळलेला केव्हाही चांगला. म्हणून आईवडिलांना पहिली विनंती, पोरांना अडवू नका. पण घाट हा सपाट रस्त्यासारखा नसतो, आणि आपल्या समाजात एक गोष्ट रक्तातून चालत आलेली आहे, ती घाटात विसरून चालत नाही. तीच आधी सांगते.

परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि चिखलदरा १११८ मीटरवर. म्हणजे तीसेक किलोमीटरमध्ये सातशे मीटरहून जास्त चढ, आणि त्यातला बराचसा शेवटच्या टप्प्यात. एवढ्या चढाला मांड्या आणि पोटऱ्या सलग काम करतात, त्यांना ऑक्सिजन फार लागतो. अंगातून पाणीही खूप जातं. उन्हाळ्यात आपल्या वऱ्हाडात हवा कोरडी असते, घाम आला की लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. पावसाळ्यात उलटं होतं. तेव्हा घाटातली हवा कोकणासारखी ओली असते. घाम सुकला तरच अंग थंड होतं. ओल्या हवेत तो नुसता ओघळतो आणि अंग आतून तापत राहतं. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे समुद्राजवळच्या लाल मातीच्या वाटांवर सायकल चालवणाऱ्यांना हा त्रास बाराही महिने असतो. आपल्या पोरांना वाटतं, पाऊस आहे, थंड आहे, पाणी कशाला? तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच घरी परत येते.

आता रक्ताचं. विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांमध्ये आहे, तसाच आपल्यातही आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवर लेख छापून आला होता. म्हणजे ही माहिती नवी नाही. नवं एवढंच की आपली वाहक मुलं आता डोंगरात सायकल दामटतात. वाहक म्हणजे आई किंवा बाप, एकाकडूनच दोष आलेला. असा माणूस रोजच्या जगण्यात ठणठणीत असतो, कामं करतो, कबड्डी खेळतो. पण अंगातलं पाणी कमी झालं, अंग तापलं आणि त्यातच सलग जोर लावला, तर त्याच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि स्नायूला रक्त पोचत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की बऱ्याच वाहकांची किडनी पाणी धरून ठेवण्यात थोडी कमी पडते, त्यामुळे ते इतरांपेक्षा लवकर कोरडे पडतात.

घाबरून जाऊ नका. अमेरिकेच्या सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरण्याचा धोका त्यांच्यात ५४ टक्क्यांनी जास्त होता. त्या सैन्यात सगळ्यांनाच पाणी, विश्रांती आणि हळूहळू सराव वाढवणं सक्तीचं होतं, हेही लक्षात घ्या. म्हणजे वाहकाने घाट चढायला हरकत नाही, शर्यत लावायला आहे. आपल्या दमाने चढायचं, दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून चार घोट प्यायचे, आणि पहिल्याच रविवारी चिखलदरा गाठायचा नाही. महिना-दीड महिना लहान चढ करायचे.

ओळखायचं कसं? साधा गोळा आला तर पोटरी हाताला दगडासारखी घट्ट लागते, पोरगं ओरडतं. पेशी वाकल्यामुळे दुखतं तेव्हा मांडी, पोटरी, कंबर दुखते, पायातला जोर जातो, पण हात लावला तर स्नायू मऊच लागतो. पोरगं बोलतं, पण उठू शकत नाही. सोबतचे हसतात, “दमला रे हा,” म्हणतात, आणि पुन्हा सायकलीवर बसवतात. तसं अजिबात करू नका. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी द्या आणि १०८ ला फोन लावा. घाटात सगळीकडे रेंज नसते, तेव्हा एकाने गाडी थांबवावी. जवळ चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य “सिकलसेल वाहक आहे” हे असू द्या. घरी आल्यावर लघवी कोलासारखी काळपट झाली तरी त्याच रात्री दवाखान्यात जा. ते किडनीवर जातं.

ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे दोन्हीकडून दोष आलेला आहे, त्यांनी घाट करू नये. चिखलदऱ्याचा गार पाऊस आणि ओले कपडेसुद्धा त्यांना दुखण्याचा झटका आणू शकतात. डॉक्टरांना विचारून सपाट रस्त्यावर सावकाश सायकल चालवावी आणि चालू असलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद करू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. अनेक घरांत रिपोर्ट असतो, पण तो पेटीत तळाशी असतो. लग्न जमणार नाही म्हणून पोराला किंवा पोरीला सांगितलेलंच नसतं. मायबाईंनो, लग्नाचं आपण बसून बोलू, पण घाटात निघालेल्या लेकराला तरी तो कागद दाखवा. त्याला माहीत नसेल तर ते डॉक्टरांना काय सांगणार?

चढापेक्षा उतार हाडं जास्त मोडतो. डोंगरातल्या सायकलीचा जन्मच उतारावर झाला, आणि तोही भारी सायकलींनी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, भंगारातल्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या रस्त्याने खाली सोडायचे. १९७६ पासून तिथे शर्यतीच सुरू झाल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आट्यात असायचा. एकाच उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दरवेळी नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं, म्हणजे ‘पुन्हा भरा’.

आपल्याकडच्या सायकलींना बहुधा रबराचे ब्रेक असतात. पावसात ओल्या रिमवर ते लगेच पकडत नाहीत, आणि ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते. म्हणून उतार लागण्याआधीच वेग कमी करा, दोन्ही ब्रेक मिळून दाबा, सोडा, परत दाबा. नुसता पुढचा ब्रेक कचकन दाबला तर माणूस हँडलवरून डोक्यावर जातो. घासलेली रबरं बदलायला फार पैसे लागत नाहीत. सायकलचं हेल्मेटही घ्या. मोबाईलच्या इअरफोनला पैसे निघतात, तर डोक्यालाही निघतील.

हँडलचं तर मुद्दाम सांगते. पोरगं पडतं आणि हँडलचं टोक पोटात घुसतं. वरून फक्त एक लाल गोल वळ दिसतो, रक्त नाही. आत मात्र प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंड फाटलेलं असू शकतं आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी त्रास सुरू होतो. घरी म्हणतात गॅस झाला, ओवा द्या. पोट दुखत राहिलं, घट्ट झालं, डावा खांदा उगाच दुखू लागला, उलटी झाली, चेहरा पांढरा पडला, गार घाम आला, तर ओवा नको आणि दुखणं थांबवायची गोळीही नको. अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार गाठा आणि हँडल लागल्याचं सांगा. सिकलसेलच्या काही मुलांची प्लीहा आधीच वाढलेली असते, त्यांना साधा मारही महाग पडतो. हँडलच्या टोकांची रबरी बुचं निघालेली असतील तर आजच बसवा, उघडी नळी चाकूसारखी कापते.

मुलींनीही जावं. त्यांच्यात रक्त कमी असण्याचं प्रमाण जास्त, म्हणून निघण्याआधी हिमोग्लोबिन पाहून घ्या. जंगलातल्या आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय कोणीच शिरू नये. मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प आहे आणि पोहऱ्याकडे बिबटे आहेत. अंधाराआधी खाली या.

बाटलीत काय न्यायचं? एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येकाला अशा दोन बाटल्या, शिवाय साधं पाणी. सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती फक्त दोष आहे की नाही एवढंच सांगते. दोष निघाला तर वाहक की आजारी, हे पुढच्या तपासणीत कळतं, ती करून घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि त्या रिपोर्टचा फोटो पोराच्या मोबाईलमध्ये ठेवा, सोबत जाणाऱ्या एका मित्राच्याही.