मुहमालैची नोंदवही

पहाटे ४:४५

श्रीलंकेच्या उत्तरेला, किलिनोच्चीहून जाफन्याकडे जाणाऱ्या ए-९ रस्त्यावर एलिफंट पास मागे टाकला की मुहमालै लागतं. एप्रिल २००० मध्ये एलिफंट पासचा लष्करी तळ एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या हाती गेला आणि त्यानंतर कित्येक वर्षं सैन्य आणि एलटीटीई या दोन्ही बाजूंच्या आघाड्या इथे एकमेकींसमोर ठाण मांडून होत्या. ताडाच्या बनांतून, वाळूतून, पडक्या घरांच्या अंगणांतून सुरुंग पेरले गेले. मे २००९ मध्ये युद्ध संपलं. सुरुंग काढण्याचं काम अजून चालू आहे.

पुढे सांगतो तो दिवस तिथल्या एखाद्या पथकाचा, आणि त्या पथकाचे कागद ज्याच्या टेबलावर जाऊन पडतात त्या किलिनोच्चीतल्या नोंदकाराचा. पहाटे छावणीत दिवे लागतात. डबे भरले जातात, पाण्याच्या कॅन गाडीत चढतात. पथकांत बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींवर घर चालतं. उन्हाआधी काम उरकायचं म्हणून इतक्या लवकर निघायचं.

सकाळी ६:००

जागेवर पोचल्यावर आधी वायरलेस तपासतात, मग रुग्णवाहिका. पॅरामेडिक हजर नसेल तर काम सुरू होत नाही. सेक्शन कमांडर नकाशा उघडून कालचं काम कुठे थांबलं, आज कोण कुठल्या लेनमध्ये, म्हणजे आखलेल्या पट्ट्यात, जखमीला कुठल्या वाटेनं काढायचं हे सांगतो. रोज तेच, पण रोज पूर्ण सांगतो.

याच वेळी दोन शब्द पुन्हा घोकून घेतले जातात: अपघात आणि घटना. आंतरराष्ट्रीय मानकांत इजा झाली तर तो अपघात. इजा झाली नाही, पण होऊ शकली असती, तर ती घटना. खुणेची खुंटी चुकीच्या जागी रोवली गेली, कुणी चेहऱ्यावरची काच वर करून वाकून पाहिलं, तरी ती घटनाच, आणि तिचाही कागद होतो. त्यात आणखी एक भेद आहे. साफसफाईच्या जागेवर झालेला अपघात एका रकान्यात जातो आणि सरपणाला गेलेल्या बाईच्या पायाखाली फुटलेला सुरुंग दुसऱ्या. पहिल्यावरून कामाची पद्धत तपासायची असते, दुसऱ्यावरून गावात कुठे जाऊन लोकांना सावध करायचं ते ठरतं. दोन्ही एकाच बेरजेत घातले तर त्या बेरजेतून काहीच ठरवता येत नाही.

सकाळी ६:३०

छातीवर जाडजूड कवच आणि चेहऱ्यावर पाच मिलिमीटरच्या पॉलिकार्बोनेटची काच चढवून पथकातली एक बाई लेनमध्ये उतरते. हातात लांब दांड्याचं दंताळं. या वाळूत युद्धाचं भंगार इतकं आहे की डिटेक्टर पावलोपावली ओरडतो. म्हणून इथे दंताळ्यांची रीत रुळली. जड दंताळ्यानं माती सैल करायची, हलक्यानं ती आपल्याकडे ओढायची, आणि ठरलेल्या खोलीपर्यंतचा एक छोटा उभा कडा समोर ठेवत पुढे सरकायचं. सुरुंगाचा कळीचा भाग वर असतो. माती बाजूनं सरकली की त्याची कड आधी दिसते. लांब दांड्यामुळे तोंड आणि हात लांब राहतात. रंगवलेल्या खुंट्यांची पांढरी बाजू सुरक्षित जमिनीकडे असते, तांबडी धोक्याकडे.

आपल्याकडे 'सुरुंग काढले' म्हटलं की सैन्य डोळ्यांसमोर येतं. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्यात हटवले, रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. ते सुरुंगक्षेत्र भेदणं होतं. वेळ कमी, वाट हवी, वाटेबाहेरचे सुरुंग तिथेच राहिले तरी चालतात. मुहमालैत चालतं ते याहून वेगळं. इथे घाई नाही, गोळीबार नाही, पण जाहीर केलेल्या तुकड्याचा एकही चौरस मीटर सोडायचा नाही, कारण मागाहून तिथे पोरं खेळणार आहेत. २००९ नंतर भारत सरकारच्या खर्चानं सात भारतीय पथकं उत्तर श्रीलंकेत आली, त्यांनीही हेच दुसऱ्या जातीचं काम केलं.

सकाळी ८:१०

मातीतून एक प्लॅस्टिकची कड डोकावते. ती हात वर करते आणि मागे सरते. कमांडर येतो, पाहतो, खूण करतो आणि लिहितो: जात, खोली, कुठल्या दिशेला कललेला, आरंभबिंदूपासून किती अंतरावर.

इथे जातीचा रकाना नुसती औपचारिकता नाही. श्रीलंकेच्या सैन्यानं पाकिस्तानी बनावटीचे पी-४ वापरले, एलटीटीईनं त्याचीच नक्कल करून रंगन-९९ बनवला. सैन्यानं ओळीत पेरलं तेव्हा ओळीला अंतर होतं, दिशा होती, बऱ्याच ठिकाणी कागदही होता. एलटीटीईचे सुरुंग पुष्कळदा विस्कळीत पेरलेले. ओळीतला एक सापडला तर पुढचा कुठे असायला हवा याचा अंदाज बांधता येतो. विस्कळीत पेरणीतला एक सापडला तर काहीच बांधता येत नाही. नक्कल आणि मूळ यांत गल्लत झाली की पुढच्या कित्येक दिवसांच्या लेन चुकीच्या बाजूला आखल्या जातात.

ओळीत जिथे सुरुंग हवा तिथे तो नसेल, तर 'नाही' लिहून पुढे जाता येत नाही. कुठे गेला? गुरानं पाय दिला असेल तर खड्डा दिसेल, तुकडे मिळतील. पुरानं सरकवला असेल तर उताराकडे शोधायला हवं. पुरावा मिळेपर्यंत तो बेपत्ता.

सकाळी ८:४५

इडिअप्पम, सांबोल, चहा. काच काढल्यावर कपाळावर उमटलेला वळ. जेवताना कुणी सुरुंगांबद्दल बोलत नाही.

सकाळी ९:३०

दुसरं पथक अवजारांशिवाय गावात फिरतं. त्यांच्याजवळ वही, नकाशा आणि भरपूर सवड असते. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला सर्व्हेयर विचारते, "ऐया, त्या बांधापलीकडे कोण जातं?" कुणीच जात नाही, तो सांगतो. का? सगळे म्हणतात तिथे आहेत. कुणी पाहिला? नाही. गुरं जातात? जातात. काही झालं? नाही.

माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम हेच. अफवेवर आखलेली जमीन 'संशयित' ठरते, प्रत्यक्ष पुराव्यावर आखलेली 'निश्चित'. संशयिताची रेघ ओढायला मिनिट पुरतं. ती पुसायला मात्र काही वेळा वर्षं जातात, कारण पुसणाऱ्याला सही करावी लागते. सुरुवातीच्या पाहण्यांत अनेक देशांनी सावधगिरी म्हणून अवाढव्य तुकडे संशयित करून ठेवले. मग महागडी पथकं अशा जमिनी खणत बसली जिथे कधीच काही नव्हतं.

म्हणून जमीन मोकळी करण्याचे तीन वेगळे शब्द ठरले. चौकशीतच पुरावा नाही असं दिसलं तर जमीन रद्द होते, म्हणजे यादीतून वगळली जाते. आत शिरून, काही लेन कापून तपासल्यावर सीमा आवळली तर नव्या सीमेबाहेर पडलेली जमीन घटवलेली. आणि सगळ्या तुकड्यातली माती खरोखर तपासून सुरुंग नष्ट केले तर ती साफ केलेली. मालकाला तिन्हींचा अर्थ एकच: जा, पेर. पण रद्द केलेल्या एकरावर दंताळं एकदाही फिरलेलं नसतं.

सकाळी ११:१५

किलिनोच्चीतली खोली. पंखा, संगणक, कागदांची चळत. नोंदकार ज्या प्रणालीत माहिती भरतो तिचं नाव इम्समा. जिनिव्हातल्या मानवतावादी सुरुंगनिवारण केंद्रानं ती उभी केली आणि १९९९ मध्ये कोसोवोत पहिल्यांदा वापरात आणली.

आलेला प्रत्येक तुकडा हा एक पॉलिगॉन असतो. ठळक, न हलणाऱ्या खुणेपासून, म्हणजे पूल, विहीर किंवा किलोमीटरचा दगड, सुरुवात. तिथून आरंभबिंदू, मग प्रत्येक वळणबिंदूपर्यंतची दिशा आणि अंतर. शेवटच्या बिंदूवरून निघालेली रेघ आरंभबिंदूवर परत यायला हवी. ती आली नाही, थोडी जरी बाजूला पडली, तरी कुठल्या तरी पायरीत दिशा किंवा अंतर चुकलंय. मग नोंदकार फॉर्म परत पाठवतो. कमांडर वैतागतो. वैतागू दे. त्या फटीत एखादा सुरुंग मावतो.

दुसरा घोळ नकाशाच्या पायाचा, म्हणजे डेटमचा. श्रीलंकेचे जुने नकाशे कंडवाला या स्थानिक पायावर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. एका पायावरचे अंक दुसऱ्यावर तसेच बसवले की तुकडा उचलून शेजारच्या शेतात जाऊन पडतो. अंक बरोबर दिसतात, म्हणून चूक पकडायला कठीण.

तिसरं, सापडलेल्या वस्तूचं नाव. डागलेला पण न फुटलेला तोफगोळा आणि बंकरात टाकून दिलेला, कधी न डागलेला तोफगोळा हे दोन रकाने आहेत. विहीर खणताना सुरुंगाचे बार लावलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही: न उडालेला बार आणि पेटीत राहून गेलेली कांडी यांना कुणी एकाच हातानं उचलत नाही. पण फॉर्मवर अनेकदा नुसतं 'दारूगोळा' लिहून येतं, आणि नोंदकाराला फोन करावा लागतो.

दुपारी १:३०

उन्हानं वाळू तापलेली. लेन बंद होतात. सापडलेले सुरुंग उडवायचे असतात. पहारेकरी रस्त्यांवर जातात, भोंगा वाजतो. नंतर जागा पुन्हा तपासली जाते, किती नष्ट झाले ते लिहिलं जातं आणि तो आकडा सकाळच्या नोंदींशी जुळवला जातो.

दुपारी ३:००

आज एक तुकडा मालकांना परत द्यायचा आहे. त्याआधी स्वतंत्र तपासनिसांनी त्यातले काही भाग पुन्हा तपासलेत. तिथे एक जरी सुरुंग मिळाला असता तर तो 'सुटलेला सुरुंग' ठरला असता आणि चौकशी लागली असती. हस्तांतराच्या कागदावर नकाशा असतो, आणि खोलीचा उल्लेख. जमीन त्या खोलीपर्यंत तपासलीय, त्याखाली नाही. ताडाचं रोप लावणाऱ्याला याचा फारसा फरक पडत नाही. विहीर खणणाऱ्याला पडतो. म्हणून हे वाक्य तोंडी, सावकाश, दोनदा सांगावं लागतं.

संध्याकाळी ५:००

नोंदकार दिवसाच्या बेरजा काढतो. जुनी नोंद तो कधी खोडत नाही, तिची स्थिती बदलतो: निश्चित, काम चालू, पूर्ण. पुढे कधी तिथे काही निघालं तर आधी काय केलं होतं ते कळायला हवं.

श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंगबंदी करारात सामील झाली आणि तिच्यावर सुरुंग काढून संपवण्यासाठी १ जून २०२८ ची मुदत आहे. मुदत जवळ येईल तसा 'सुरुंगमुक्त' हा शब्द भाषणांत आणि मथळ्यांत वाढेल. या कामातली माणसं तो जपून वापरतात. मोझांबिकनं सप्टेंबर २०१५ मध्ये घोषणा केली तीही ज्ञात सुरुंगक्षेत्रांपुरतीच होती. मराठी वृत्तपत्रांत अशा बातम्या भाषांतरित करणाऱ्यांना एवढीच विनंती: 'ज्ञात' हा शब्द गाळू नका, आणि इतके चौरस किलोमीटर मोकळे झाले असं छापताना त्यातले रद्द किती, घटवलेले किती आणि साफ केलेले किती हे वेगवेगळं छापा.