झिजलेल्या गादीचा नव्वद वर्षांचा हिशेब

नागभीडच्या बांध्यांत रोवणा लागला की बाया दिवसभर कमरेत वाकून भाताचे पऱ्हे रोवतात. त्याआधी मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून 70 पानांचं एकेक पुडकं बांधलेलं असतं. चाळिशीनंतर कंबर धरते, एमआरआय होतो आणि 'मणक्याची गादी झिजली' हे ऐकून अख्खं घर हादरतं. पण या झिजेकडे पाहण्याची डॉक्टरांची नजर गेल्या नव्वद वर्षांत पार बदलली आहे.

1934 मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं, की फाटलेली गादी नस दाबते आणि कळ पायात उतरते. तेव्हापासून जवळपास प्रत्येक कंबरदुखीचा दोष गादीवर आला. 1960 च्या दशकात स्वीडनच्या नॅकेमसन यांनी जिवंत माणसाच्या गादीतला दाब मोजला. वाकून ओझं उचललं की तो वाढतो. मग 'पडून राहा' हाच सल्ला रूढ राहिला. 1986 मध्ये अमेरिकेत डेयो यांनी तो तपासला. दोन दिवस विश्रांती घेणारे सात दिवस पडून राहणाऱ्यांइतकेच बरे झाले, आणि त्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. 1995 मध्ये फिनलंडच्या जुळ्या भावांच्या अभ्यासात झिजेमागे कष्टांपेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. 2015 मध्ये तर पाठ न दुखणाऱ्यांचेच फोटो एकत्र तपासले गेले: विशीतल्या 37 टक्के, पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या.

गादीतल्या गराचं पाणी वयानुसार आटतं. तिथे रक्तपुरवठा नावालाच, म्हणून झीज भरून येत नाही. पण झीज म्हणजे दुखणं नव्हे. वाकून केलेल्या कामाने कंबर दुखते हे खरंच, आणि त्या दुखण्याची किंमत गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने गावोगावच्या पाहणीतून मांडली. डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनच्या साथीने संस्थेच्या शोधग्रामात मणक्यांवर उपचारही होऊ लागले.

2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समजावून सांगण्यावर भर दिला. कमरपट्टा सरसकट नको म्हटलं. मात्र पायातलं बळ गेलं, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघ बधिर झाली, किंवा ताप येऊन वजन घटू लागलं, तर लगेच दवाखाना गाठावा. मणक्याचा क्षयही असू शकतो.

एरवी रोवणाऱ्या बाईला हवी आहे मधूनमधून पाठ सरळ करायची मुभा, आणि तालुक्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारं माणूस. फोटोची भीती घालण्यापेक्षा ही सोय करणं आपलं कर्तव्य आहे.