रविवारचं दुसरं नाव

मी स्पॅनिश शिकायला लागलो, तेव्हा वारांची नावं पाठ करताना मोठी मौज वाटली होती. 'लुनेस' हा चंद्राचा, म्हणजे आपला सोमवार. 'मार्तेस' मंगळाचा, 'मिएर्कोलेस' बुधाचा, 'हुएवेस' गुरूचा, 'विएर्नेस' शुक्राचा. ओळ अगदी आपलीच! रविवारी मात्र सूर्य नाही, 'दोमिंगो' आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ प्रभूचा दिवस, म्हणजे येशू ख्रिस्ताचा. गोव्यात डॉमिंगो नावाची माणसं भेटतात ना, तो हाच शब्द, पोर्तुगिजांबरोबर आलेला.

पुढे लादिनोची ओळख झाली. स्पेनमधून घालवून दिलेल्या ज्यूंची ही स्पॅनिश. तिच्यातही सोमवार ते शुक्रवार हीच नावं, थोड्या उच्चारभेदानं. शनिवार मात्र हिब्रू 'शब्बात'. आणि रविवार? 'अलहाद'!

हा शब्द अरबी. 'अल-अहद' म्हणजे पहिला. स्पेनच्या मोठ्या भागावर कित्येक शतकं मुसलमानांची सत्ता होती, तिथल्या ज्यूंना अरबी घरच्यासारखी होती. ज्यूंचा आठवडा शब्बातला संपतो, म्हणून रविवार पहिला. दुसऱ्यांच्या प्रभूचं नाव दर आठवड्याला तोंडी कशाला? त्यापेक्षा नुसता क्रमांक सांगणारा अरबी शब्द बरा. गंमत म्हणजे मंगळ, शुक्र हेही रोमनांचे देवच. पण त्यांना आता कुणी पूजत नव्हतं, त्यामुळे अडचण नव्हती.

३१ मार्च १४९२ रोजी फर्मान निघालं : ज्यूंनी जुलैअखेर देश सोडावा. बाप्तिस्मा घेतला, तरच राहता येणार होतं. जाताना सोनं, चांदी, नाणी नेण्याची बंदी होती. भाषेवर मात्र बंदी घालता आली नाही. पुष्कळ जण ऑटोमन साम्राज्यात सलोनिका, इस्तंबूल, इझमीर इथे स्थिरावले आणि 'अलहाद' त्यांच्याबरोबर चार शतकांहून अधिक काळ तिथे नांदला. १९४३ मध्ये नाझींनी सलोनिकातल्या चाळीस हजारांहून अधिक ज्यूंना ऑशविट्झला नेलं. त्यातले बहुतेक परतले नाहीत.

आज लादिनो बोलणारे उरलेत ते बहुतांशी तुर्कस्तान आणि इस्रायलमधले वयोवृद्ध. २०१५ मध्ये स्पेननं कायदा करून या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केलं. चांगलंच झालं. पण नागरिकत्व कायद्यानं देता येतं, बोली घरातच बोलावी लागते. 'अलहाद' म्हणणारी शेवटची आजी गेली, की नातवंडांचा रविवार दुसऱ्याच नावानं उजाडणार.