पावती असूनही सवलत का हुकते?



उसाच्या नोंदीची तारीख गेली म्हणजे काय होते, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. ऊस शेतात उभा असतो, पण गट ऑफिसच्या रजिस्टरात नाव नाही म्हणून तोडीच्या प्रोग्रॅममध्ये तो दिसत नाही. घरपट्टीच्या सवलतीचेही थेट तसेच आहे. घर तुमचे, राहता तुम्ही, पट्टीही वेळेवर भरता. पण मागितलेला कागद मुदतीत गेला नाही तर सवलत गेली.

हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण उसाबरोबर घरपट्टीचे प्रश्नही आमच्या कानावर येतच असतात. आमचे आजोळ पालघर तालुक्यातले माहीम, नारळ-केळीच्या नि पानवेलीच्या वाड्यांचे गाव. तिथल्या मामांनीच आम्हांला विचारले, “अरे, आम्ही सप्टेंबर संपायच्या आत ग्रामपंचायतीत पैसे टाकतो, सूट आपोआप वजा होते. तिकडे शहरात पोराने पट्टी वेळेवर भरली, पावती दाखवतो, तरी सवलत नाही म्हणतात. हे कसं काय?”

प्रश्न रास्त आहे. घोटाळा होतो तो दोन वेगळ्या सवलती एकच मानल्यामुळे. ग्रामपंचायतीची सूट लवकर पैसे भरण्याची आहे. चालू वर्षाची पट्टी ३० सप्टेंबरपर्यंत भरली की ५ टक्के सूट. १,२०० रुपये पट्टीवर ६० रुपये वाचतात. माहीम घ्या की कारखान्यांनी गजबजलेले बोईसर घ्या (एवढे वाढले तरी तिथेही ग्रामपंचायतच आहे), त्यासाठी अर्ज लागत नाही. शहरातली मोठी सवलत मात्र घराच्या वापरावर मिळते, आणि घरात कोण राहतो हे पावतीवरून कळत नाही.

पुण्याचेच पाहा. मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत, ही तिथल्या महानगरपालिकेची १९७० पासूनची पद्धत. मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ साली शासनाने पुन्हा लागू केली. पण १ एप्रिल २०१९ नंतर ज्यांच्या घरांची नव्याने आकारणी झाली, त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपणच तिथे राहतो याचा पुरावा द्यायचा होता. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, गॅसचे कार्ड, सोसायटीचा दाखला, असे नेहमीचेच कागद. मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती, ती ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवली. ढोबळ हिशेब केला तर जिथे सवलतीने ६,००० रुपये बसतात, तिथे तिच्यावाचून १०,००० मोजावे लागतात. तेही दरसाल!

आपल्या अनेक सभासदांच्या मुलांनी पुण्यात फ्लॅट घेतले आहेत. बिल कधी बिल्डरच्या नावाने निघते, कधी जुन्या मालकाच्या. मग सूचना भलत्याच पत्त्यावर जाते आणि आपण “नोटीस आलीच नाही” म्हणत बसतो. तेव्हा आधी बिलावरचे नाव बदलून घ्यावे. गावाकडे हेच काम नमुना ८ च्या उताऱ्यावर करायचे. वडील वारून दहा वर्षे झाली तरी उतारा त्यांच्याच नावावर, अशी घरे कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट फौजी सभासदांसाठी. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना २०२० पासून राज्यात एका घराच्या पट्टीची माफी आहे, गावातसुद्धा. पण तीही आपोआप मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज द्यावा लागतो. मानाची गोष्ट असून कित्येक जण मागायला संकोचतात, हे आम्हांला पटत नाही.

ज्यांची मुदत हुकली असेल त्यांनीही चालू वर्षापासून सवलत मिळेल का, हे करखात्यात लेखी विचारावे. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. कागद वाचायला अडचण असेल तर गट ऑफिसात आणा, आमची माणसे वाचून सांगतील. सही मात्र मालकाचीच लागेल.

— ऊस विकास अधिकारी