दोन सभागृहं कशाला?

पारावर गोष्ट निघाली. एका म्हातारबुवांनी विचारलं, "मास्तर, आमचा आमदार आम्ही मत देऊन पाठवतो. मग हा दुसरा आमदार कुठनं आला? त्याला तर आम्ही कधी मत दिलं नाय!"

प्रश्न रास्त आहे. तो नीट समजून घेऊ.

आपल्या राज्याचे कायदे दोन सभागृहांत होतात. पहिलं सभागृह विधानसभा. तिच्यात २८८ सभासद. ते तुमच्या-आमच्या मतांनी निवडून येतात. दुसरं सभागृह विधान परिषद. तिच्यात ७८ सभासद. त्यांची निवड वेगळ्या तऱ्हेनं होते.

३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका यांतले निवडून आलेले लोक निवडतात. ७ जणांना पदवीधर निवडतात आणि ७ जणांना शिक्षक. उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल सरकारच्या सल्ल्यानं करतात.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. शिक्षक म्हणजे माध्यमिक शाळेचे आणि त्यावरचे. तुमच्या पोराला बाराखडी शिकवणाऱ्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींना त्या सात जागांसाठी मत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीचे सभासद परिषदेसाठी मत देतात. आपल्याकडे तेही नाही. म्हणजे म्हातारबुवांची तक्रार काही उगाच नव्हे.

मग ही परिषद ठेवली कशाला?

घरची बाई धान्य एकदा पाखडते आणि दळायला देण्याआधी पुन्हा निवडते. पाखडताना राहिलेला खडा निवडताना सापडतो. कायद्याचंही तसंच. विधानसभेत गर्दी, घाई, गलका. घाईत एखादं कलम चुकीचं गेलं तर त्याचा त्रास साऱ्या राज्याला. म्हणून दुसऱ्यांदा पाहायचं. परिषद कधी बरखास्त होत नाही. सभासदाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा बदलतो. त्यामुळे जुनी जाणती माणसं सभागृहात राहतात.

पण परिषदेच्या हातात कायदा अडवायची ताकद नाही. विधानसभेनं पाठवलेला मसुदा ती पहिल्या खेपेस तीन महिने रोखू शकते. विधानसभेनं तोच पुन्हा पाठवला तर आणखी एक महिना. मग परिषदेची मान्यता नसली तरी तो मंजूर धरला जातो. सरकारच्या पैशाचा मसुदा असेल तर फक्त १४ दिवस. दिल्लीत दोन सभागृहांचं जुळलं नाही तर दोघांची मिळून बैठक घेता येते. राज्यात ती सोय नाही. इथं शेवटचा शब्द विधानसभेचाच.

काही जण म्हणतात, "एवढीच ताकद, तर खर्च कशाला?" दुसरी तक्रार याहून मोठी आहे. निवडणुकीत लोकांनी घरी बसवलेला माणूस मागच्या दारानं परिषदेत येतो. शिवाय दोन्हीकडे एकाच पक्षाचं बहुमत असलं तर तपासणार कोण? बाईनं डोळे मिटून धान्य निवडलं, तर खडा भाकरीत येणारच.

आता दुसरी बाजू पाहा. रोजगार हमी योजना तुम्हांला माहीत आहे. कित्येकांनी तिच्या कामावर माती वाहिली असेल. ती ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६० ते १९७८ एवढा काळ. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ती आधी करून पाहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे शेतकरी कवी ना. धों. महानोर १९७८ साली राज्यपालांच्या नेमणुकीनं परिषदेत गेले आणि शेतीपाण्यावर बोलले. अशी माणसं निवडणुकीच्या धुरळ्यात उतरतीलच असं नाही.

नेमणुकीच्या १२ जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठीच आहेत. पण २०२० साली त्या रिकाम्या झाल्या आणि पुढं चार वर्षं भांडणात अडकल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यांतल्या सात भरल्या. जाणत्यांची खुर्ची अशी रिकामी राहणार असेल, तर परिषदेची बाजू मांडायची तरी कशी? मला विचाराल तर परिषद असावी, पण या जागा मुदतीत आणि लायक माणसांनीच भराव्यात. तसं जमत नसेल तर शेजारच्या गोव्याकडे पाहा. तिथं ४० जणांची एकच विधानसभा आहे आणि राज्य चाललं आहे.

मुंबई इलाख्याला दोन सभागृहं मिळाली ती १९३७ साली, इंग्रजांच्या अमलात. आज देशातल्या सहाच राज्यांत परिषद आहे. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तेलंगण, बिहार आणि उत्तर प्रदेश. पश्चिम बंगालनं १९६९ साली ती बंद केली, पंजाबनं १९७० साली, तमिळनाडूनं १९८६ साली.

ती बंद करायची ठरलं तर सुरुवात विधानसभेतून होते. एकूण सभासदांपैकी निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी ठराव करावा लागतो. मग दिल्लीची संसद कायदा करते. याचा अर्थ असा की, परिषदेसाठी तुम्हांला मत नसलं, तरी ती ठेवायची की नाही हा प्रश्न तुम्ही मत दिलेला आमदारच उठवू शकतो. आंध्रात हे फार वेळा झालं. १९८५ साली परिषद मोडली. २००७ साली पुन्हा उभी केली. २०२० साली पुन्हा मोडायचा ठराव केला, आणि २०२१ साली तोही मागं घेतला.