गॅसच्या नळीलाही वय असतं, बरं का!

अमेरिकेत घरातला स्मोक अलार्म १० वर्षांनी बदला, असं सांगतात. आपल्याकडे लोणीत, आंबेगाव तालुक्यात, स्वयंपाकघरातला अलार्म म्हणजे आपलं नाक. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. पण आई शेतावर असेल तर वास घेणार कोण?

म्हणून आधी नळी बघा. केशरी सुरक्षा नळीवर उत्पादनाचं साल छापलेलं असतं. ५ वर्षं झाली की बदला. चीर दिसली तर लगेच.

वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. लाइटचं बटण चालूही नको, बंदही नको, ठिणगी पडते. बाहेर येऊन १९०६ लावा.

आज घरी फोन केलात की नळीवरचं साल विचारा.