मांडवातील मान आणि प्लेगातील सेवा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी श्रींच्या पार्थिव मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते. दूर्वांच्या जुड्या, जास्वंदीची फुले, शमीपत्री आणि एकवीस मोदकांचा नैवेद्य ही सामग्री पिढ्यानपिढ्या तीच आहे. या पूजेचा यजमान घरचा कर्ता असतो आणि त्याच्या अधिकाराविषयी कोणी शंका घेत नाही. वर्षभर ज्याने घराचा भार वाहिला, त्याने देवापुढे पाटावर बसावे, हे सर्वांना मान्यच असते.

त्याच दिवशी चौकातील मांडवातही तोच मंगलमूर्ती विराजमान होतो. तेथे यजमान कोण, हा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. वर्गणी सर्वांची असते, देव सर्वांचा असतो. पण आरतीचे तबक बहुधा गावच्या पुढाऱ्याच्या हाती दिले जाते. हा मान त्याला कोणत्या अधिकाराने मिळावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर लोकमान्य टिळकांच्या पुण्यातील त्या चार-पाच वर्षांकडे पाहावे लागते, ज्यांत उत्सवही होता, दुष्काळही होता आणि प्लेगही होता.

लोकमान्यांना आपण राष्ट्राचे नेते म्हणून ओळखतो. परंतु १८९५ साली ते पुणे म्युनिसिपालिटीचे निवडून आलेले सभासद होते, मुंबई कायदेमंडळातही त्याच वर्षी गेले होते आणि सार्वजनिक सभेची सूत्रेही त्यांच्या पक्षाकडे आली होती. पेठांतील माणसे त्यांना ओळखत आणि तेही पेठांना ओळखत. आजच्या भाषेत बोलायचे, तर ते गावचे लोकप्रतिनिधी होते.

सार्वजनिक गणेशोत्सवाची कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. ग्वाल्हेरचा उत्सव पाहून आलेले नानासाहेब खासगीवाले, भाऊ रंगारी, घोटवडेकर या पुणेकरांनी १८९२-९३ च्या सुमारास त्याचा आरंभ केला. टिळकांनी १८९३ मध्ये 'केसरी'तून त्याची पाठ राखली आणि १८९४ साली आपण राहत होतो त्या विंचूरकरांच्या वाड्यात गणपती बसविला. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला होता आणि त्याची कटुता पहिल्या वर्षांच्या मेळ्यांच्या पदांत उतरली होती, हेही इतिहासाने नोंदले आहे. सुधारकांपैकी अनेकांना देवाच्या उत्सवाचे हे नवे रूप रुचले नाही. श्रद्धाळू वाचकांनीही ही बाजू विसरू नये. कारण ज्या उत्सवाचे चांगले सांगायचे, त्याचे उणेही ठाऊक असावे.

उत्सव वाढला, तसा मानापमानाचा प्रश्न आला. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे कोण? पुण्यात परंपरेने असे सांगितले जाते की, हा वाद टिळकांपुढे आला आणि त्यांनी ग्रामदैवत म्हणून कसबा गणपतीस पहिला व ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरीच्या गणपतीस दुसरा मान दिला. पुढे तिसरा गुरुजी तालमीचा, ज्याच्या स्थापनेत हिंदू व मुसलमान दोन्ही घराण्यांचा हात होता, चौथा तुळशीबागेचा, आणि खुद्द टिळकांच्या केसरीवाड्याचा गणपती पाचवा, हा क्रम रूढ झाला. ज्याच्या शब्दाला अवघे पुणे मान देत होते, त्याच्या वाड्यातील देव आजही पाचव्या स्थानी चालतो, ही गोष्ट मिरवणूक पाहणाऱ्या प्रत्येकाने मनात साठवावी अशी आहे.

पण पुढाऱ्याची खरी पारख मिरवणुकीत होत नाही. ती वेळ १८९६ साली आली. पावसाने दगा दिला, पिके करपली आणि महाराष्ट्रावर दुष्काळ ओढवला. दुष्काळात सरकारने काय करावे याचे नियम सरकारनेच छापलेले होते. शेतसाऱ्याची सूट, तहकुबी, रोजगाराची कामे यांची तरतूद त्यांत होती. ते नियम खेड्यातील कुणब्यापर्यंत मात्र पोहोचलेच नव्हते. टिळकांनी 'केसरी'तून ते सोप्या मराठीत समजावून दिले आणि सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव धाडली. पीक बुडाले असेल, तर सूट मागणे हा आपला हक्क आहे, तेथे सावकाराचे कर्ज काढून सारा भरू नका, हा त्यांचा सांगावा होता. पुण्यात धान्य महागून लूटमार होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सोलापूर आणि अहमदनगरच्या विणकरांचे माग बंद पडले, तेव्हा स्थानिक मंडळींस घेऊन मदतीची योजना आखली. सरकारने ती मानली नाही. इतकेच नव्हे, तर १८९७ मध्ये सार्वजनिक सभेस दिलेली मान्यताही सरकारने काढून घेतली.

दुष्काळ सरला नव्हता, तोच प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्रकटलेली ही साथ काही महिन्यांत पुण्यात पोहोचली. १८९७ च्या आरंभी रँडसाहेबांच्या अधिकाराखाली घरतपासणी सुरू झाली. गोरे शिपाई माजघरात शिरत, देवघरापर्यंत जात आणि रोग्यांना व त्यांच्या आप्तांना उचलून छावणीत नेत. ज्या घरांत सोवळ्याशिवाय देवाला कोणी हात लावीत नव्हते, त्या घरांवर काय गुदरले असेल, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ऐपत असणारे गाव सोडून निघाले. पुढारी म्हणविणारे अनेकजणही निघाले आणि 'केसरी'ने त्यांस खडे बोल सुनावले.

टिळक पुण्यात राहिले. त्यांचे त्या वेळचे वर्तन बारकाईने पाहण्यासारखे आहे. रोग्याला वेगळे ठेवणे आणि घराची स्वच्छता करणे आवश्यक आहे, हे त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले. लोकांना ते आवडणारे नव्हते, तरीही सांगितले. सरकारी इस्पितळात आचारधर्म बुडेल या धास्तीने लोक रोगी लपवीत होते. त्यावर नुसती टीका न करता टिळकांनी लोकवर्गणीतून हिंदू प्लेग इस्पितळ उभे करविले. तपासणीच्या तुकड्यांबरोबर ते स्वयंसेवक घेऊन स्वतः घरोघर हिंडले. छावणीत अडकलेल्यांसाठी मोफत अन्नछत्राची सोय लावली. आणि शिपायांचा जुलूम असह्य झाला, तेव्हा त्याविरुद्ध लिहिण्यासही ते कचरले नाहीत.

२२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली आणि २७ जुलै रोजी 'केसरी'तील लेखांवरून टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडले. मुंबईत खटला चालला तो ८ ते १४ सप्टेंबर या दिवसांत, म्हणजे भाद्रपदातच. पुण्याचे गणपती पाण्यात जात असता, त्या उत्सवाला थोर रूप देणारा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात होता. नऊ पंचांपैकी सहांनी दोषी ठरविले, तिघांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली. प्लेगाने त्यांचे घरही सोडले नाही; पुढे काही वर्षांनी थोरला मुलगा विश्वनाथ त्याच रोगाने गेला.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. टिळकांनी मांडवात लोक जमविले आणि संकटात ते त्याच लोकांच्या दारी गेले. या दोन गोष्टींपैकी एकच त्यांनी केली असती, तर त्यांचे नाव आज आरतीच्या ओळीने घेतले गेले नसते. घरच्या कर्त्याला पाटावर बसण्याचा अधिकार वर्षभराच्या कष्टांनी येतो. गावच्या कर्त्यालाही तो तसाच मिळवावा लागतो.

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. उत्सवाचे वैभव वाढले. कमानी उंच झाल्या आणि त्यांवरील हसऱ्या मुद्राही पुष्कळ झाल्या. त्यांचा राग धरण्याचे कारण नाही. गावचा प्रतिनिधी देवाच्या दारी यावा, हे चांगलेच आहे. मात्र त्याच्या हाती तबक देताना मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी मनाशी एवढेच विचारावे: गेल्या पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरले, तेव्हा हा कोठे होता? इस्पितळात खाट मिळेना, तेव्हा याचे दार उघडे होते काय? ज्याच्याविषयी या प्रश्नांची उत्तरे शेजारीपाजारी आपणहून देतील, त्याच्या हाती आरती शोभून दिसेल.

आणि हाच प्रश्न आपण आपल्यालाही विचारावयास हवा. वर्गणीची पावती फाडली, दर्शन घेतले, प्रसाद खाल्ला, एवढ्याने आपले यजमानपण पुरे होत नाही. विघ्नहर्त्याची भक्ती करणाऱ्याने शेजाऱ्याचे एखादे तरी विघ्न आपल्या शिरावर घ्यावे. अनंत चतुर्दशीला मूर्ती पाण्यात विसर्जित होते; हे व्रत मात्र पुढल्या चतुर्थीपर्यंत चालवावयाचे असते.